महिन्याचा दुसरा रविवार: सांगलीत पक्षीनिरीक्षण गट कसा चालवावा

दरवर्षी नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला की आपल्याकडे दोन-चार पक्षीमित्र गट जन्माला येतात आणि मार्चमध्ये ऊन तापलं की त्यातले बहुतेक वाळून जातात. आमचा पहिला गट त्यातलाच. आम्ही आधी लोगो केला. त्यावर अर्थातच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आमच्यापैकी एकानंही तो सांगलीच्या घाटावर कधी पाहिला नव्हता. मग पंचवीस टी-शर्ट छापले, मग अध्यक्ष कोण यावरून भांडलो. चौथ्या महिन्यात हरिपूरच्या संगमावर भल्या सकाळी मी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर असे दोघंच उभे होतो. उरलेले टी-शर्ट अजून माळ्यावर आहेत, गाडी पुसायला बरे पडतात.

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा लोगोच्या भानगडीत पडलो नाही. एक जागा, एक वार आणि एक वही ठरवली. तो गट अजून चालू आहे. त्यात जे जमलं आणि जे फसलं, ते इथं क्रमानं सांगतो. सांगली-मिरजेच्या हिशेबानं लिहिलंय, पण कराड किंवा साताऱ्यात कुणाला सुरू करायचं असेल तर फक्त नदीचा काठ बदलेल.

जागा आधी, माणसं नंतर

गट जाहीर करण्याआधी तीन महिने एकट्यानं, फार तर दोघातिघांनी, एकाच जागी फिरा. जागा निवडताना तिथं किती दुर्मीळ पक्षी येतात हे बघू नका. घरून वीस मिनिटांत दुचाकीवर पोचता येतं का ते बघा. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान, सागरेश्वरचं अभयारण्य, सातारा जिल्ह्यातलं मायणी ही सहलीची ठिकाणं. वर्षातून एकदा जायला उत्तम, पण दर महिन्याला तिथं जायचं ठरवलंत तर पेट्रोलच्या खर्चातच गट मोडेल.

एकाच फेरीत पाणी, मोठी झाडं आणि थोडं उघडं रान मिळावं. हरिपूरच्या बाजूला हे तिन्ही मिळतं: कृष्णा-वारणेचा संगम, जुनी झाडं, मळे आणि ऊस. मिरजेकरांना कृष्णा घाट आहे. माळावरचे पक्षी बघायचे तर दंडोबाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं रान. शहराच्या मध्यात राहणाऱ्यांनी तिथल्या आमराई बागेलाही कमी लेखू नये. तांबट, हळद्या, धनेश या पक्ष्यांना वड-उंबराची फळं मिळाली की पुरतं. आपण शहरात आहोत की जंगलात, याची ते फारशी चौकशी करत नाहीत.

तीन महिन्यांच्या फेऱ्यांत पक्ष्यांसोबत आणखी काही गोष्टी टिपून ठेवा. सकाळचं ऊन कुठून येतं? सांगली कृष्णेच्या पूर्व काठावर असल्यानं घाटावरून सांगलवाडीच्या दिशेनं बघताना सूर्य पाठीशी राहतो आणि पलीकडच्या पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. हाच गट सांगलवाडीच्या काठावर उभा केलात तर सगळे पक्षी काळेच. कुत्र्यांची टोळी कुठं असते? बायकांना स्वच्छतागृह जवळात जवळ कुठं आहे? हा शेवटचा प्रश्न आम्ही पहिल्या खेपेला विचारलाच नव्हता, आणि गटात बायका का टिकत नाहीत यावर मात्र गंभीर चर्चा करत होतो.

आणि मगर. कृष्णेत मगरी आहेत, औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत त्या दिसतात. थंडीत ऊन खायला काठावर येऊन पडतात, तेव्हा चिखलातला ओंडका आणि मगर यांतला फरक वीस पावलांवरून कळत नाही. त्यामुळे आमचा साधा नियम: पाण्याच्या कडेपासून लांब, उंच काठानं चालायचं. शेकाट्या कितीही सुंदर दिसत असला तरी फोटोसाठी वाळूत उतरायचं नाही. मुलं सोबत असतील तर एक मोठा माणूस कायम मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये.

वार आणि वेळ

महिन्याचा दुसरा रविवार. थंडीत पावणेसात, उन्हाळ्यात सहा. दोन तास. यात बदल नाही. लग्नसराई, क्रिकेटचा सामना, निवडणूक, काहीही असो. 'या वेळी तिसऱ्या रविवारी करूया का?' असा निरोप गटावर आला की ठाम नाही म्हणा. एकदा तारीख हलली की लोकांना ती विचारावी लागते, आणि विचारावी लागली की निम्मे लोक विचारत नाहीत.

दोनच माणसं आली तरी फेरी होते, एकच आला तरी होते. तो एकटा फिरतो, वहीत लिहितो, घरी जातो.

एका जाणत्यामागे आठ-दहा जण पुरेत. पंधराच्या वर संख्या गेली तर दोन तुकड्या करून विरुद्ध दिशांना पाठवा. वीस माणसांची मिरवणूक बघून खंड्या काय, म्हशीसुद्धा उठून जातात.

दुर्बीण: तीन पुरतात

प्रत्येकाकडे दुर्बीण हवी असं नाही. दहा जणांत तीन चांगल्या असल्या की भागतं. विकत घेताना ८ × ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, म्हणून झुंजूमुंजूच्या उजेडातही ती चालते. 'वीस पट', 'पन्नास पट' असं लिहिलेल्या स्वस्त दुर्बिणी जत्रेत बऱ्या. हातात त्या इतक्या थरथरतात की पक्षी सोडून सगळं दिसतं.

नव्या माणसाच्या हातात दुर्बीण दिली की तो 'हो हो, दिसला' म्हणतो. नव्वद टक्के वेळा त्याला काहीही दिसलेलं नसतं, तो लाजेनं म्हणतो. म्हणून पहिली दहा मिनिटं पक्षी बघायचेच नाहीत. समोरच्या एखाद्या फांदीवर दुर्बीण लावून घ्यायची. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजवं भिंग तळहातानं झाकून डाव्या डोळ्यानं मधलं चाक फिरवत पान स्पष्ट करायचं. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तेच पान स्पष्ट करायचं. ही कडी आता त्या माणसासाठी लागली. पुढं फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप मिटून घ्यायचे. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून काढायची नाही. नजर तिथंच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी हरवला.

पट्टा गळ्यात हवाच. आमची एक दुर्बीण कृष्णेच्या तळाशी आहे.

नावं पाठ करून घेऊ नका

पहिल्याच फेरीत चाळीस नावांचा मारा केला तर नवा माणूस घरी जाऊन एकही सांगू शकत नाही. दहा पक्षी पक्के करा. पुढच्या महिन्यात आणखी पाच.

ओळख रंगापासून सुरू करू नका, आकारापासून करा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, मग शेपटी, मग तो करतोय काय. काठावरच्या दगडावर शेपटी वरखाली हलवतोय तो धोबी. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबून दगडासारखा खाली पडला तो कवड्या खंड्या. तारेवरून उडून हवेत माशी टिपून पुन्हा त्याच तारेवर आला तो वेडा राघू.

नवख्यांना सगळ्यात जास्त मजा येते ती वंचक बघताना. काठावर चिखलाच्या रंगाचा, मान आत ओढून बसलेला असतो. बोटानं दाखवला तरी दिसत नाही. कुणी तरी 'तिथं काहीच नाहीये' म्हणतं आणि त्याच क्षणी तो उडतो, एकदम पांढराशुभ्र. पंख पांढरे असतात, मिटल्यावर झाकले जातात. हे एकदा डोळ्यांनी बघितलेला माणूस पुढच्या महिन्यात येतोच. म्हणून मी फेरीचा पहिला थांबा मुद्दाम वंचकाच्या जागेपाशी ठेवतो.

पुस्तकातली मराठी नावं आणि लोकांच्या तोंडची नावं नेहमी जुळत नाहीत. मासेमारी करणारे, धनगर, घाटावर रोज येणारे म्हातारे यांना विचारा आणि त्यांचं नावही वहीत लिहा. आमच्यातल्या एका शिकलेल्या सभासदानं एकदा एका नावाड्याला 'अहो, ते बदक नाही, वारकरी आहे' असं समजावलं. नावाडी पक्ष्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा बघून म्हणाला, "मग माळ कुठंय त्याची?"

वही

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. प्रत्येक फेरीचं एक पान. वर तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, चाललेलं अंतर, हवा, नदीचं पाणी वर की खाली, किती माणसं. खाली प्रत्येक जातीचं नाव आणि आकडा. 'भरपूर', 'खूप', 'थवा' हे शब्द वहीत बंद. मोजता आलं नाही तर अंदाज करा, पण आकडाच लिहा.

थवा मोजायची रीत अशी. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी मोजा. त्या दहांनी डोळ्यांसमोर किती जागा व्यापली ते लक्षात ठेवा. तेवढ्या मापानं सगळा थवा मोजत जा: दहा, वीस, तीस. मोठ्या थव्याला शंभराचं माप. हिवाळ्यात संध्याकाळी भोरड्यांचे थवे ज्वारीच्या रानावरून मुक्कामाला जाताना सरावाला उत्तम. दोघांनी वेगवेगळे मोजा आणि मग आकडे सांगा. आधी सांगितला तर दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळ सरकतो. मोठ्या माणसाचा असेल तर नक्कीच.

आणि साधे पक्षीही लिहा. कावळे, साळुंक्या, पारवे, बगळे. लोक यादीत फक्त 'भारी' पक्षी लिहितात. पण दहा वर्षांनी आमच्या काठावर चिमण्या किती होत्या हा प्रश्न पडला तर उत्तर अशाच कंटाळवाण्या ओळींत सापडतं. ओळखू न आलेल्याला जबरदस्तीनं नाव देऊ नका. 'शिकारी पक्षी, ओळख नाही' ही चांगली नोंद आहे.

घरी आल्यावर हीच यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. तिथं पूर्ण यादी का असं विचारतात. म्हणजे ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले का. फक्त हवे ते लिहिले असतील तर 'नाही' म्हणा, उगाच 'हो' नको. सगळे लिहिले असतील तर न दिसलेला पक्षीही माहिती होतो, म्हणून पूर्ण यादीला मोल जास्त. दहा जणांनी एकाच फेरीच्या दहा याद्या टाकू नका. एकानं टाकायची आणि बाकीच्यांना त्यातच वाटून द्यायची. ॲप आहे म्हणून कागदाची वही सोडू नका. वही लागते ती पुढं सांगतो त्या कामाला.

एका उन्हाळ्यात काठाची माती काढायला यंत्र आलं. तो कडा म्हणजे वेड्या राघूंची आणि कवड्या खंड्याची वसाहत. हे पक्षी उभ्या मातीच्या कड्यात बिळं करून आत अंडी घालतात. बाहेरून बघणाऱ्याला ती उंदराची बिळं वाटतात. आम्ही त्याआधीची दोन वर्षं दर महिन्याला तिथली बिळं मोजत होतो, किती जुनी, किती वापरात. तहसील कार्यालयात याआधी आम्ही 'निसर्गाची हानी थांबवावी' असे दोन अर्ज दिले होते आणि ते फायलीत गेले होते. या वेळी एका पानाचा अर्ज दिला: जागा, सोबत हातानं काढलेला नकाशा, आणि वहीतल्या तारखा-आकड्यांचा तक्ता. साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे मोजलं कुणी?" वही टेबलावर ठेवली. काम पावसाळ्यापर्यंत थांबलं. कायमचं नाही, पुढच्या वर्षी थोडं वरच्या अंगाला सुरू झालं आणि पुन्हा अर्ज करावा लागला. पण त्या हंगामातली पिल्लं उडाली.

अर्ज करताना एवढं पाळा. एका अर्जात एकच मागणी. ज्याच्या अखत्यारीत काम येतं त्यालाच द्या: वन्यजीवाचा प्रश्न वनक्षेत्रपालांकडे, पाण्यात मळी किंवा रसायन आलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, वाळू-मातीचा तहसीलदारांकडे. प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजायचं. जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे का विचारा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ही समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या वहीतल्या याद्या त्या नोंदवहीत चढवायला द्या. गावाच्या दप्तरात एकदा एखादा पक्षी लिहिला गेला की 'इथं काही नव्हतंच' असं म्हणणं अवघड होतं.

वर्षाचं गणित

रविवारची फेरी कायम. तिच्याभोवती बाकीचं वर्ष लावायचं.

सप्टेंबरात धोबी परत येतात, ती हिवाळ्याची पहिली खूण. पहिला धोबी कुणाला आणि कुठल्या तारखेला दिसला हे आमच्याकडे वहीच्या शेवटच्या पानावर वर्षावार लिहितात, आणि त्यावरून चहाची पैज लागते. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह: मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ ला, सलीम अलींचा १२ ला. या आठवड्यात शाळा स्वतःहून बोलावतात. भाषण देऊ नका, मुलांना शाळेच्या मैदानावर पंधरा मिनिटं बाहेर काढा आणि मोजायला लावा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. आपल्या काठाची किंवा तलावाची मोजणी त्यात देता येते. मायणी-येरळवाडीची सहल याच काळात ठेवा, विट्यावरून जाता येतं. तिथं पट्टकादंब हंस आणि चक्रवाक बदकं दिसतात, पाणी उथळ असेल तर रोहित. पण 'रोहित दाखवायला नेतो' असं कुणाला सांगून नेऊ नका. पाणी जास्त झालं की तो येत नाही, आणि सगळी बस तुमच्याकडे बघत बसते. फेब्रुवारीत चार दिवसांची परसबागेतल्या पक्ष्यांची जागतिक गणना असते, गुडघे दुखणाऱ्या सभासदांसाठी खास सोयीची. पंधरा मिनिटं गच्चीवर बसायचं.

उन्हाळा हाच गटाचा कसोटीचा काळ. हिवाळी पाहुणे पक्षी परत गेलेले, ऊन कडक, लोक गावाला. पण पळस आणि पांगारा फुललेला असतो आणि एका झाडापाशी खुर्ची टाकून बसलं तरी यादी होते. याच दिवसांत नदी सुरय हे पक्षी वाळूच्या आणि खडकाच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतात. तिकडं पाऊलही टाकू नका. तुम्ही जवळ गेलात की पक्षी उठतो आणि तापल्या वाळूत अंडी उन्हात राहतात.

जूनमध्ये पावसाबरोबर आफ्रिकेतून चातक येतो. मग विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लागतात. उसाच्या पानाची लांब चीर काढून नर ती विणतो, अर्धवट झालेलं घरटं मादीला दाखवतो; तिला आवडलं नाही तर तसंच टाकून दुसरं सुरू करतो. फेरीतल्या नवऱ्यांकडे बघून इथं एक ठरलेला विनोद होतो, तो मी लिहीत नाही.

पाणी घाटाच्या पायऱ्या चढलं की काठावरची फेरी बंद. त्या महिन्यात आम्ही आयर्विन पुलाच्या कठड्यापासून मोजतो. पूर धोक्याच्या जवळ असेल तर तेही नाही, घरच्या गच्चीवरून. २०१९ च्या ऑगस्टच्या पानावर फक्त दोन ओळी आहेत: 'फेरी नाही. छपरावर बगळे.'

मनाई

नियम कमी ठेवा आणि मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी सांगा. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याचा फोटो नाही, घरट्यापुढची फांदी बाजूला करणं तर नाहीच. खाणं टाकून घारी-बगळे जवळ आणायचे नाहीत.

आणि घुबडाची जागा कुणालाही सांगायची नाही. ही चूक माझी स्वतःची आहे. एका जुन्या वाड्याच्या भिंतीत गव्हाणी घुबडाची जोडी होती. कौतुकानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, मागची कमान ओळखू येत होती. पुढच्या रविवारी तिथं आठ कॅमेरे. पंधरा दिवसांनी भिंतीतलं भोक रिकामं. दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास घुबडं पकडणारे फिरतात, त्यामुळे काय झालं असेल याचे दोन-तीन अंदाज आहेत आणि त्यातला एकही बरा नाही. तेव्हापासून आमच्या वहीत घुबडाच्या नोंदीपुढं जागेऐवजी फक्त 'शहर' लिहितात.

व्हॉट्सॲप गटावर सुप्रभात, फुलं, राजकारण नाही. फोटो टाकला तर तारीख हवी. 'हा कोणता पक्षी?' विचारणाऱ्याची चेष्टा करणारा सभासद किती का जाणता असेना, त्याला खाजगीत दोन शब्द सुनवा. एका चेष्टेत पाच नवे लोक गप्प होतात.

जखमी पक्ष्याचा फोन

गट थोडा माहीत झाला की हे फोन येणारच, तेव्हा उत्तर ठरवून ठेवा. पक्षी सुती कपड्यानं अलगद झाकून धरायचा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, खोकं अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतायचं नाही, दूध-पाव द्यायचा नाही. पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी मरतो. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे, 'बरा होईपर्यंत पाळतो' म्हणणाऱ्यालाही आणि पिंजऱ्यातल्या पोपटालाही तो लागू होतो.

उन्हाळ्यातले निम्मे फोन जखमी पक्ष्यांचे नसतातच. पिसं फुटलेलं पिल्लू उडायला शिकताना जमिनीवर बसलेलं असतं, आई-बाप जवळच्या फांदीवर. त्याला उचलून जवळच्या झुडपावर ठेवा आणि मांजर-कुत्रं हाकला. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही.

द्राक्षबागेची जाळी

संवर्धन म्हणजे झाडं लावणं आणि घाट झाडणं, असं आम्हालाही वाटायचं. दोन्ही करा. झाडं लावायची तर वड, पिंपळ, उंबर, करंज, बाभूळ, बोर लावा, आणि तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस नक्की करून मगच खड्डा खणा. चिमणीचं खोकं करायचं तर भोक बत्तीस मिलिमीटरचं, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीवर. पण आपल्या जिल्ह्याचं म्हणून एक काम आहे आणि ते फारसं कुणी करत नाही.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात घडात गोडी भरली की बागांवर जाळ्या चढतात. बुलबुल, साळुंक्या, पोपट त्यात अडकतात. एका जानेवारीत मी पाहिलेला लालबुड्या बुलबुल पंखाच्या सांध्याशी अडकून उलटा लटकला होता. पाय सोडवायला गेलो तर धागा आणखी आवळला. शेवटी मालकाच्या घरातून बारीक कात्री आणली, डोक्यावर रुमाल टाकला तसा तो शांत झाला, आणि एकेक पीळ कापत गेलो. पाच मिनिटं लागली. ओढायचं नाही, कापायचं. नायलॉन मांजातही हेच.

मालक बाजूला उभे होते, जरा चिडलेलेच. "आम्ही काय पाखरं धरायला लावलीय का जाळी? माल राखायला लावलीय."

खरंच होतं ते. द्राक्षवाल्याला पक्षीप्रेमाचं भाषण द्यायला जाऊ नका. त्याचं कर्ज त्या घडांवर असतं. त्याच्या फायद्याची गोष्ट सांगा. सैल, लोंबणारी जाळी घडाला टेकते. पक्षी बाहेर बसून जाळीतूनच मणी फोडतो आणि अडकतो तोही अशाच घडीत. जाळी ताणून, घडापासून दूर बांधली तर माल वाचतो आणि पक्षीही. पक्ष्याला सहज दिसेल अशा रंगाची, जाड धाग्याची जाळी घ्या. केसासारखी बारीक पारदर्शक नको. सकाळ-संध्याकाळ बागेतून एक चक्कर मारा. तोड झाली की त्याच आठवड्यात जाळी उतरवून गुंडाळा. बांधावर टाकलेल्या जाळीत वर्षभर साप-पाखरं मरतात. आम्ही हे पाच ओळींत छापून शेतीऔषधांच्या दुकानांत ठेवलं. त्या मालकांनी पुढच्या वर्षी जाळी ताणली. आमचं ऐकून नाही, शेजाऱ्याचा माल कमी फुटला म्हणून. चालतं.

पैसा आणि नोंदणी

पहिली दोन-तीन वर्षं नोंदणीच्या नादी लागू नका. दर फेरीला वीस रुपये, खर्च चहाचा आणि वहीचा, हिशेब वहीच्या मागच्या पानावर. मोठी देणगी किंवा सरकारी काम घ्यायचं झालं तरच संस्था करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी होते. मग दरवर्षी लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज आला. हे करणारा चिकट माणूस गटात आहे का, ते आधी बघा. तोच खजिनदार.

सहलीत कमाई करू नका. एकदा गट पर्यटन कंपनी झाला की रोहित न दिसल्याचे पैसे लोक परत मागतात.

वही दुसऱ्याच्या हातात

दर फेरीला लिहिणारा बदला. जाणता माणूस दाखवेल, पण लिहील दुसराच. पहिल्यांदा आलेल्याच्या हातात पेन द्या. त्याला नावं विचारावी लागतात, त्यामुळे तो बोलता होतो आणि शेवटपर्यंत थांबतो. शुद्धलेखन तपासत बसू नका. आमच्या वहीत शराटीची चार वेगवेगळी स्पेलिंगं आहेत.

फेरीचा म्होरक्याही दर वर्षी बदला, आणि जुन्यानं मागून चालायचं. मला हे जड गेलं. गेल्या हिवाळ्यात दहावीतली एक मुलगी लिहीत होती. पाणकावळ्यांचा आकडा मी बेचाळीस सांगितला. तिनं दुर्बीण लावून पुन्हा मोजले, शेवटचा पक्षी बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "काका, तो ओंडका आहे." एकेचाळीस लिहिले. परतीच्या वाटेवर पोस्टमास्तर माझ्या शेजारून चालत होते, घाटापर्यंत हसत होते.